पीआर तीन दिवस पडून, आणि मग एकच शब्द: "व्हाय?"

तिसरं_गेट | सोमवार, रात्री १०:५२

मंडळी, थोडं मन मोकळं करतो, थोडा सल्ला मागतो.

चार वर्षं झाली, टिळकवाडीतल्या घरातून काम करतोय. टीमचे पाच जण पुण्यात, तिघं म्युनिकला, दोघं टेक्सासात आणि बेळगावात मी एकटा. आई अजून शेजारणीला सांगते, "ऑफिस उघडलं की जाईल तो."

गेल्या महिन्यात एक पीआर (पुल रिक्वेस्ट: कोडमधला बदल, बाकीच्यांनी तपासून मंजूर करायचा) टाकला. गिऱ्हाईकाचे पैसे परत करायची विनंती नेटवर्कच्या गोंधळात दोनदा आली तरी पैसे एकदाच जावेत, यासाठी. प्रत्येक विनंतीला एक किल्ली द्यायची, ती काही काळ जपून ठेवायची, तीच किल्ली परत आली तर जुनंच उत्तर द्यायचं. सोमवारी दुपारी चारला टाकला. सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी पुण्यातल्या एकाने हसरा चेहरा चिकटवला, मंजुरी नाही. गुरुवारी सकाळी चहा घेऊन बसलो तर म्युनिकच्या रिव्ह्यूअरची कमेंट. सदतिसाव्या ओळीवर, जिथं मी किल्ली ७२ तास ठेवा असं लिहिलं होतं. कमेंट पूर्ण देतो:

"व्हाय?"

बस्स. आपल्याकडे कुणी नुसतं "का?" म्हटलं की पुढचं वाक्य आपण स्वतःच पूर्ण करतो. मी केलं. ७२ जास्त वाटतंय, म्हणजे २४ पाहिजे, म्हणजे शनिवार-रविवारसाठी वेगळी सोय पाहिजे. रात्री अडीचपर्यंत बसून सहा फाइली बदलल्या, एक नवीन टेबल घातलं. दुसऱ्या दिवशी साहेबांचं उत्तर: "पहिलं बरं होतं. मला फक्त कारण हवं होतं."

प्रश्न असा की लांब बसलेल्या माणसानं रिव्ह्यू लवकर कसा मिळवायचा? सारखं टोचत राहायचं का? आणि बेळगावात एकटा बसलोय म्हणून मी रांगेत शेवटी आहे, की हे माझ्याच डोक्यातलं खूळ आहे?

कुंदा_किलो | सोमवार, रात्री ११:०३

पहिला! बायको पण व्हॉट्सॲपवर एवढंच लिहिते. "का?" तिथं तर रोलबॅकही नाही.

सविस्तर प्रतिसाद सवडीने.

जांबोटीचा_पाऊस | सोमवार, रात्री ११:३०

चारला टाकलास हीच पहिली चूक. सध्या म्युनिक आपल्यामागे साडेतीन तास. आपले चार म्हणजे त्यांचे साडेबारा, माणूस जेवायला उठलेला. परत येईपर्यंत वर दहा गोष्टी साचतात. मी बारा-सव्वाबाराला टाकतो. ते नऊला लॅपटॉप उघडतात तेव्हा माझं सगळ्यात वर. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं मागे गेली की अंतर साडेचार तासांचं, मग मीही तासभर सरकतो. टेक्सासवाल्यांचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात, थंडीत साडेआठ.

मार्चमध्ये जास्त जपायचं. अमेरिका दुसऱ्या रविवारी घड्याळ बदलते, युरोप शेवटच्या. मधले दोन-तीन आठवडे आपण जागच्या जागी आणि बाकी सगळे इकडे-तिकडे. मागे एकदा मी कॉलवर तासभर एकटाच बसलो होतो. माझ्यावर कोणी रुसलंय का, असा विचार करत.

दुसरं. आमच्या जांबोटीकडे जुलैत करंट गेलं की नेटही जातं, कधी कधी दीड दिवस. म्हणून अर्धवट असलं तरी रोज संध्याकाळी ब्रँच (कोडची माझी वेगळी प्रत) सर्व्हरवर ढकलतो आणि ड्राफ्ट पीआरमध्ये दोन ओळी लिहून ठेवतो: काय झालं, काय राहिलं. मी गायब झालो तर दुसऱ्याला उचलता यावं. झाड पडून रस्ता बंद झाला होता तेव्हा टेक्सासच्या एकीनं माझं काम पुरं केलं. सकाळी उठून बघतो तर मर्ज, म्हणजे मुख्य कोडमध्ये सामील, झालेलं!

बंगळूरात_अडकलेला | मंगळवार, सकाळी ९:१०

सगळे धागाकर्त्याच्या बाजूनं बोलतायत, तर मी रिव्ह्यूअरची बाजू मांडतो. मूळ बेळगावच्या शहापूरचाच, आता बंगळूर.

सोमवारी सकाळी माझ्यापुढं चौदा पीआर असतात. एकाचं शीर्षक "फिक्स". दुसऱ्याचं "फिक्स २". तिसरा १९०० ओळींचा, वर्णनाची जागा कोरी. माझं स्वतःचं काम यातच बसवायचं. आता सांगा, तुम्ही ७२ लिहिलंत, कारण कुठंच लिहिलं नाहीत. त्यानं विचारलं, का? यात त्याचं काय चुकलं? उलट त्यानं ओळन् ओळ वाचली याचा आनंद माना. आमच्याकडे न वाचता मंजूर करणारे रग्गड आहेत.

सिस्कोमधल्या रिव्ह्यूंचा जुना अभ्यास आहे, त्यात एका वेळी २०० ते ४०० ओळींच्या वर जाऊ नका असं निघालं होतं. त्यापुढं डोळे नुसते फिरतात, चुका सापडत नाहीत. माझा अनुभव शब्दशः तोच. चाळीस ओळींवर मी दहा कमेंट टाकतो, १९०० ओळींवर एक: "छान."

तिसरं_गेट | मंगळवार, सकाळी ९:४१

@बंगळूरात_अडकलेला, अर्धं मान्य. वर्णन दोन ओळींचं होतं. शुक्रवारी संध्याकाळी फसलेली विनंती समोरची यंत्रणा सोमवारी परत पाठवते, म्हणून ७२, हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं होतं की लिहायचं सुचलंच नाही. उरलेलं अर्धं मान्य नाही. त्याला अजून चार शब्द टाइप करायला काय झालं होतं?

शहापूरची_सून | मंगळवार, दुपारी १:१५

बाळाला झोपवून लिहितेय, तुटक वाटलं तर सांभाळून घ्या.

मुद्दा शब्दांच्या संख्येचा नाही, कन्नडातल्या आदराच्या 'री'चा आहे. आमच्या टीममध्ये हुबळीचे एक सर आहेत. समोर बसून चूक दाखवतील तर म्हणतील, "इदु तप्प ऐत्री," म्हणजे हे चुकलंय हो. चूक ती चूकच, पण शेवटच्या 'री'मुळं आपल्याला खुर्ची दिल्यासारखं वाटतं. तेच सर इंग्रजीत लिहितात तेव्हा 'री' गळून पडतो. उरतं काय, "धिस इज राँग." पहिल्या आठवड्यात मी रडले होते, खोटं कशाला सांगू. नंतर सर एकदा बेळगावला आले, घरी जेवायला आले, सासूबाईंशी तासभर कन्नडात गप्पा मारल्या. आता त्यांची कमेंट वाचताना मी मनातल्या मनात 'री' लावून वाचते.

म्युनिकवाल्यांना 'री' कुठून आणणार? म्हणून आम्ही प्रत्येक कमेंटच्या सुरुवातीला ती कसली आहे ते लिहायचं ठरवलं. प्रश्न असेल तर "प्रश्न". हे सुधारल्याशिवाय मर्ज नको असेल तर "अडथळा". बारीकसारीक, केलं तर बरं नाही केलं तरी चालेल, अशाला "निट". त्यातही गंमत झाली. प्रसूतीच्या रजेवरून परत आले तेव्हा ही पद्धत नवी होती. माझ्या पीआरवर सात ठिकाणी "निट". मला वाटलं, सर प्रत्येक ओळीवर "नीट कर" म्हणतायत!

कुंदा_किलो | मंगळवार, दुपारी १:२२

नीट =)) =))

हसून हसून खुर्चीवरून पडलो. मंजुरी देताना लिहितात त्या एलजीटीएमचा ('लुक्स गुड टू मी') आमच्या टीममध्ये अर्थ लावलाय तो पण घ्या: लवकर गुंडाळा, टेंपो मोकळा करा.

उद्यमबाग | मंगळवार, रात्री ९:०५

मी सॉफ्टवेअरवाला नाही. मुलगा आहे, तो काय करतो ते कळावं म्हणून वाचतो. माझी हयात उद्यमबागेत, कास्टिंगच्या धंद्यात गेली. पण तुमचं "व्हाय" वाचून राहवलं नाही.

हायड्रॉलिक व्हॉल्व्हची बॉडी आम्ही बाहेरच्या एका गिऱ्हाईकासाठी ओतायचो. नवीन पॅटर्न, म्हणजे वाळूत साचा उठवायचा नमुना, झाला की पहिला नग तपासून त्याचा रिपोर्ट पाठवायचा. ड्रॉइंगवरच्या प्रत्येक मापाभोवती गोल काढून नंबर घालायचा, त्याला आम्ही बलून म्हणतो, आणि त्या नंबरापुढं आपलं प्रत्यक्ष माप. पाठवलं. चार दिवसांनी फॅक्स आला. त्यावर फक्त "बलून १४", आणि पुढं प्रश्नचिन्ह.

चौदाव्या जागी आम्ही मशिनिंगसाठी २ ऐवजी ३ मिलिमीटर माल ठेवला होता. आतली पोकळी करणारा वाळूचा कोअर धातू ओतताना कधी कधी अर्धा-पाऊण मिलिमीटर सरकतो. दोनच ठेवले तर एका बाजूला टूलला माल मिळत नाही, काळी कातडी तशीच राहते, नग भंगारात. हे आमच्या मोल्डरला माहीत, मला माहीत. गिऱ्हाईकाला कसं कळणार? आमचा सुपरवायझर मात्र प्रश्नचिन्ह बघूनच घाबरला आणि पॅटर्न घासायला निघाला. नशीब, मी वेळेत पोचलो. एकदा घासलेला पॅटर्न परत भरायचा म्हणजे काय ते तुमच्या अडीच वाजेपर्यंतच्या जागरणापेक्षा वाईट.

आम्ही काय केलं, तर एक सरकलेल्या कोअरचा नग मधोमध कापला, फोटो काढला, खाली दोन ओळी लिहिल्या. मंजुरी आली, आणि त्यांनी स्वतःच्या ड्रॉइंगमध्ये ३ करून नवीन रिव्हिजन पाठवली. तेव्हापासून नियम: माप बदललं की कारण त्याच कागदावर लाल शाईनं, पाठवायच्या आधी. फॅक्सची एक फेरी म्हणजे चार दिवस, आणि तेवढे दिवस साच्यांच्या पेट्या अडून.

जाता जाता. १९९९ साली नासाचं मंगळाकडे गेलेलं एक यान याच कारणानं हातचं गेलं. एका ठिकाणची टीम जोर पौंडात मोजत होती, दुसऱ्या ठिकाणची न्यूटनमध्ये धरत होती. इंच आणि मिलिमीटर एकाच शेडमध्ये सांभाळलेल्या माणसाला याचं नवल वाटत नाही.

जांबोटीचा_पाऊस | मंगळवार, रात्री ९:२०

काका, दंडवत घ्या. वाखुसा (वाचनखूण साठवली).

निपाणीकर | मंगळवार, रात्री १०:४८

आण्णा, लय भारी लिवलासा.

बाकी तीन दिवस पीआर पडला म्हणून रडायलाईस व्हय गा? आमचा एक पीआर १९५६ पासून ओपन हाय. १९६६ ला रिव्ह्यूअर नेमला, १९६७ ला त्याची कमेंट आली, ती पीआर टाकणाऱ्याला मान्य न्हाई. २००४ ला वरच्या रिव्ह्यूअरकडं दिल्लीला गेलाय. मर्ज कॉन्फ्लिक्ट किती असतील ते तूच बग.

संपादक | मंगळवार, रात्री ११:००

सीमाप्रश्नावर वेगळे धागे आहेत. कृपया विषयावर या. (हसू आम्हालाही आलं.)

जुना_पॅचवाला | बुधवार, सकाळी ७:३०

लांब बसून रिव्ह्यू ही काही आजकालची गोष्ट नाही. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलचं, म्हणजे गाभ्याचं, काम सुरुवातीपासून जगभर पसरलेलं, आणि तिथले पॅच, म्हणजे कोडमधले बदल, अजूनही मुख्यतः ईमेलनं फिरतात. एप्रिल २००५ मध्ये लिनक्सच्या टोरवाल्ड्सनं गिट, म्हणजे कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणारं टूल, लिहायला घेतलं तेही याच लोकांसाठी. आधी जे टूल वापरत होते त्याचा फुकट वापर बंद झाला म्हणून. तिथं कुणी कुणाला कॉलवर बोलवत नाही. पॅचसोबतच्या मजकुरात 'काय बदललं' यापेक्षा 'का बदललं' याला जास्त मान. त्यामुळं दहा वर्षांनी एखादी विचित्र ओळ दिसली की इतिहास उघडायचा, कारण तिथंच सापडतं. धागाकर्त्याचे ७२ तास दहा वर्षांनी कुणीतरी २४ करणार आहे, कारण लिहिलं नाही तर.

त्याआधीची पद्धत बघायची तर आयबीएमच्या फॅगनची. १९७६ साली त्यानं मांडली. सगळे एका खोलीत, प्रत्येकाला ठरलेलं काम, कोड वाचून दाखवणारा वेगळा, लिहिणारा वेगळा. चुका खूप सापडायच्या, पण खोली एकच लागायची.

मराठी_मीडियम | बुधवार, सकाळी ८:०२

@जुना_पॅचवाला, आमच्यासाठी जीआयटी म्हणजे उद्यमबागेतलं गोगटे कॉलेज, १९७९ पासूनचं. मी चार वर्षं जीआयटीत काढली आणि गिट नोकरीला लागल्यावर शिकलो.

कॉल_करा_की_राव | बुधवार, सकाळी १०:१५

एवढं लिहायचं कशाला? दहा मिनिटं कॉल करा, स्क्रीन दाखवा, विषय संपला. "व्हाय?" आल्या आल्या फोन उचलला असता तर रात्रीची झोप वाचली असती.

मराठी_मीडियम | बुधवार, सकाळी १०:५०

तुम्हाला सोपं आहे. मी खानापूर तालुक्यातल्या गावात सातवीपर्यंत मराठी शाळेत, पुढं हायस्कूलही मराठीच. कॉलवर टेक्सासची माणसं झरझर बोलतात, मी वाक्य जुळवेपर्यंत विषय पुढं गेलेला असतो. मग "ओके, ओके" म्हणून मोकळा. लिहिताना मला वेळ मिळतो, शब्द शोधता येतो, चूक पुसता येते. लिहिलेल्यात मी आणि पुण्याचा कॉन्व्हेंटवाला एका पट्टीत बसतो. कॉलवर नाही. माझी बढती झाली तेव्हा मॅनेजर म्हणाली, तुझे पीआर वाचून वाटतं तू खूप बोलका असशील.

कॉल_करा_की_राव | बुधवार, सकाळी ११:०४

हा विचार मी केला नव्हता. मागे घेतो. म्हणजे, निम्मं मागे घेतो. दोन फेऱ्या लिहून झाल्या आणि तरी गाडी पुढं जात नसेल तर कॉल, आणि कॉलमध्ये काय ठरलं ते पीआरवर परत लिहायचं. नाहीतर टेक्सासचा माणूस सकाळी उठून बघतो, कोड बदललेला आणि कारण हवेत.

बंगळूरात_अडकलेला | बुधवार, दुपारी २:३०

टोचण्याच्या प्रश्नाला कुणी हात घातला नाही, म्हणून मीच घालतो. गूगलनं आपले रिव्ह्यूचे नियम जाहीर केलेत. त्यात कामकाजाच्या एका दिवसाच्या आत पहिलं उत्तर द्यावं असं आहे. एक दिवस उलटला तर बिनधास्त विचारा. दर चार तासांनी "एनी अपडेट?" मात्र नको.

घाई लावणाऱ्यांपासून जपायचं कारण सांगतो. २०२४ चं एक्सझेडचं, म्हणजे फाइली दाबून लहान करणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरचं, प्रकरण आठवा. एकटा माणूस ते सांभाळायचा. आधी काही अनोळखी लोक मेलवर मागे लागले, फार वेळ लागतोय, मदतीला माणूस घ्या. मदतीला आलेल्यानं दोनेक वर्षं चांगलं काम करून विश्वास कमावला आणि मग चोरदरवाजा बसवला. चाचणीच्या फाइलींमध्ये लपवलेला, आणि तो जोडणारा एक तुकडा फक्त लोकांना डाउनलोडसाठी दिलेल्या गठ्ठ्यात, गिटमध्ये नाहीच. गिटमध्ये बघणाऱ्याला काय कपाळ दिसणार? सापडला तोही एका इंजिनिअरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय याची चुटपुट लागली म्हणून. त्यालाही एकच प्रश्न पडला होता. व्हाय?

कुंदा_किलो | बुधवार, दुपारी २:३४

म्युनिकचे साहेब आता हिरो झाले की.

शहापूरची_सून | बुधवार, रात्री ९:४०

अवांतर आहे, पण सुट्ट्यांचं कुणी बोललं नाही. माझी नोकरी पुण्याच्या ऑफिसची, त्यामुळं शिवजयंतीची सुट्टी १९ फेब्रुवारीला. बेळगावची चित्ररथ मिरवणूक वैशाखात, रात्रभर. यंदा त्याच रात्री रिलीज. खिडकीखाली ढोल-ताशे, कानाला हेडफोन, समोर टेक्सास विचारतंय "इज देअर अ प्रॉब्लेम ॲट युअर एंड?" काय सांगणार, महाराज आलेत म्हणून?

आणि १ नोव्हेंबर. कर्नाटकात राज्योत्सवाची सुट्टी, म्युनिकला ऑल सेंट्सची सुट्टी, पुण्यात कामाचा दिवस. त्या दिवशी पुण्याहून आलेला पीआर बघायला कुणीच नसतं, आणि मग ते म्हणतात रिव्ह्यू अडकतात.

निपाणीकर | बुधवार, रात्री १०:१०

१ नोव्हेंबरवर मी काय बी बोलणार न्हाई. संपादक बगायलाय.

तिसरं_गेट | पुढच्या महिन्याची ३ तारीख, रात्री ९:१५

धागा वर काढतोय. सगळ्यांचे आभार, आणि काय झालं ते सांगतो.

काकांचं लाल शाईचं आधी केलं. पीआर टाकायच्या आधी स्वतःच रिव्ह्यूअर होऊन वाचायचा, आणि जिथं मलाच "का?" पडेल तिथं आधीच उत्तर लिहून ठेवायचं. पहिल्या वेळी अशा अकरा जागा सापडल्या. लाज वाटली. दुसरं, सव्वाबाराला टाकतो. आता बहुतेक वेळा त्याच दिवशी उत्तर येतं. टेक्सासवाल्यांच्या बाबतीत फार फरक नाही, त्यांचं त्यांनाच माहीत.

शहापूरच्या वहिनींची "प्रश्न, अडथळा, निट" ही पद्धत टीमसमोर ठेवली. पुण्यातल्या दोघांनी नाकं मुरडली, शाळा आहे का म्हणाले. म्युनिकच्या साहेबांना मात्र आवडली. त्या निमित्तानं त्यांच्याशी पहिल्यांदा दोघंच कॉलवर बोललो. धीर करून "व्हाय"चा किस्सा सांगितला. सहा फाइली, रात्रीचे अडीच, सगळं. माणूस बराच वेळ गप्प. मग म्हणाले, मी सकाळी ट्रेनमध्ये उभा राहून मोबाइलवर रिव्ह्यू करतो, एका हातानं दांडी धरलेली असते, एका अंगठ्यानं लिहितो. घरी पोचलो की मोठं लिहीन असं ठरवतो आणि राहून जातं. मी चार महिने त्यांच्या मनातला राग मोजत होतो, आणि तिकडं ते फक्त तोल सांभाळत होते.

रांगेत शेवटी असण्याचं उत्तर पण तिथंच मिळालं. मी बेळगावात आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. पुण्यातला सहावा समजत होते.

उद्यमबाग | रात्री ९:३०

बरं झालं. पण ते ७२ चं कारण कोडमध्ये लिहिलं का शेवटी?

तिसरं_गेट | रात्री ९:३२

लिहिलं काका, त्याच ओळीच्या डोक्यावर. त्यामुळं आता ती ओळ अडतिसावी झालीय.